खांबांचे राखणदार

पूल पाहताना आपण मान वर करतो. केवढी कमान, केवढी उंची, असे म्हणतो. पण ज्या पुलाखालून मोठी जहाजे ये-जा करतात, त्याची खरी परीक्षा खाली पाण्यात होते. ऐन दिवाळीत मी हा कसला विषय काढला, असे आमच्या वाचक भगिनी विचारतील. पणती विझू नये म्हणून आपण हाताचा आडोसा धरतो ना? ही गोष्ट अशाच एका आडोशाची आहे.

9 मे 1980 च्या सकाळी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात अकस्मात वादळ उठले आणि ‘समिट व्हेंचर’ हे मालवाहू जहाज टँपा उपसागरावरच्या सनशाइन स्कायवे पुलाच्या खांबाला धडकले. पुलाचा मोठा भाग कोसळला. मोटारी आणि उतारूंची एक बस पाण्यात गेली. 35 माणसे दगावली.

तेथे 1987 साली नवा पूल सुरू झाला. या वेळी इंजिनिअरांनी मुख्य खांबांभोवती दगडांची बेटे रचली आणि आसपास काँक्रीटचे भक्कम गोल बुरूज उभारले. भरकटलेले जहाज बुरुजावर आदळावे किंवा दगडांच्या उतारावर रुतावे, पण खांबाला भिडू नये, अशी ही योजना. इंग्रजीत या बुरुजांना ‘डॉल्फिन’ म्हणतात. नाव खेळकर, काम मात्र द्वारपालाचे!

त्याच 1980 साली बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलालाही ‘ब्लू नागोया’ नावाचे जहाज थडकले होते. किरकोळ नुकसान झाले, पूल बचावला. पुढे नव्या पुलांसाठी कडक नियम आले. पण हा पूल 1977 चा, त्याला ते लागू नव्हते. जहाजे मात्र वाढतच गेली. मुलगा बापाच्या खांद्याला लागला, तरी त्याला मुंजीतलाच सदरा घालावा, तशी गत झाली.

26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ हे जहाज बंदरातून निघाले. ते ‘ब्लू नागोया’च्या सुमारे दहापट मोठे. त्यावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय. एक तार नीट बसली नव्हती, तेवढ्याने जहाजावरची वीज गेली आणि एवढे धूड पांगळे झाले. पुलाजवळ चार लहान बुरूज होते; जहाज त्यांना चुकवून थेट खांबावर गेले. काही क्षणांत पूल पाण्यात!

जहाजावरून धोक्याची सूचना वेळेवर गेली होती. पोलिसांनी दोन्ही टोकांना वाहने अडवली, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. पण पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे मजूर होते. त्यांतले सहा जण गेले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेली ती माणसे.

दैव म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण 1980 ची धडक हे दैवाने धाडलेले पत्रच होते. ते कुणी नीट वाचले नाही, एवढेच. थोडक्यात निभावले की आपण देवापुढे नारळ फोडतो आणि विसरतो. खरे तर त्याच दिवशी मोजपट्टी हाती घ्यायला हवी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2025 साली 68 पुलांच्या मालकांना सांगितले, की आपापल्या पुलाचा धोका मोजून घ्या. मोजणी कागदावर होईल. बुरूज मात्र पाण्यातच उभे राहिले पाहिजेत, आणि तेही आजच्या जहाजांच्या मापाचे.