आपल्या गप्पांची प्रत आपल्या घरी हवी

धसईचं नाव तुम्ही ऐकलं असेल तर बहुधा एकाच कारणाने. नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातलं हे आमचं गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, कॅमेरे आले, दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. पुढे इथे रोख परत आल्याच्याही बातम्या झाल्या आणि लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ते यंत्र प्रत्येक व्यवहाराला कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरची परवानगी मागतं. रेंज गेली की तांदूळ समोर, गिऱ्हाईक समोर, खात्यात पैसे, आणि तरी सौदा होत नाही.

पण मला पैशांबद्दल बोलायचं नाहीये. वाचण्या-लिहिण्याबद्दल बोलायचंय. कारण त्या बाबतीत आपण सगळेच कॅशलेस धसई झालो आहोत.

आम्हा सात मित्रांचा एका अ‍ॅपवर ग्रुप होता. तीन वर्षं आम्ही तिथे लिहीत होतो. नाणेघाटाच्या वाटा, भाताची जुनी बियाणी, नोकरीची रड, सगळं. एका मित्राने आजीकडून ऐकलेली लग्नातली गाणी तिथे एकेक करून टाइप केली होती. मग ते अ‍ॅप बंद झालं. इंग्रजीत एक नोटीस आली, मुदत दिली होती, ती आम्ही वाचली नाही. आजी त्याआधीच गेली होती. आता गाणीही गेली.

चूक आमचीच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण चूक नोटीस न वाचण्याची नव्हती. आपण लिहिलेल्या एकाही ओळीची प्रत आपल्याकडे नाही, हे तीन वर्षं आम्हाला खटकलंच नाही, ही खरी चूक.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जिच्यावर माझे मित्र अजून हसतात. मी घरी स्वतःचा न्यूज सर्व्हर बसवला. यूझनेट वाचायला.

यूझनेट म्हणजे काय? १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचलेली आणि पुढच्या वर्षी सुरू झालेली गप्पांची व्यवस्था. विषयवार गट, त्यात कुणीही लिहायचं. लीनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सची पहिली बातमी दिली ती इथल्याच एका गटात. मराठी माणसांचाही गट होता, सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी.

मात्र खरी गंमत रचनेत आहे. यूझनेटला मालक नाही आणि मुख्य सर्व्हरही नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर तुमच्या सर्व्हरवर जातो, तो शेजारच्याला प्रत देतो, तो पुढच्याला. सुरुवातीला यंत्रं रात्री, फोनचे दर स्वस्त असताना, एकमेकांना फोन करायची आणि दिवसभराचा मजकूर उचलायची. म्हणजे कनेक्शन सतत नसणारच, हे गृहीत धरून ही व्यवस्था बांधली होती. आता बघा: जोडणी कायम राहीलच या भरवशावरची अ‍ॅप्स धसईपर्यंत पोचली, आणि तुटक्या जोडणीसाठी बनलेली वस्तू आपण त्याआधीच अडगळीत टाकली. याला प्रगती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

माझी जुळवणी साधी आहे. जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं, त्यावर लीफनोड. हे मोफत सॉफ्टवेअर लहान जागांसाठीच बनलं आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये दोनच गोष्टी आधी भरायच्या: मजकूर कुठल्या सर्व्हरवरून आणायचा आणि किती दिवसांनी जुना पुसायचा. फक्त मजकुराचे गट मोफत देणारे सर्व्हर आहेत, इटर्नल सप्टेंबर हा त्यातला माहितीचा. मग थंडरबर्डला सांगायचं की तुझा सर्व्हर याच लॅपटॉपवर आहे. पहिल्यांदा गट उघडला तर आत एकच कागद असतो, लीफनोडने जागा राखून ठेवलेला. पुढच्या फेरीला खरा मजकूर येतो. मी लिहिलेलं उत्तरही पेटीत थांबतं आणि जोडणी मिळाली की जातं. माझी फेरी रात्री दोनला ठरलेली आहे, तेव्हा रेंज बरी असते. सकाळी वीज असो-नसो, बॅटरीवर वाचतो.

अजून एक. सात दिवस एखादा गट उघडला नाही, तर लीफनोड तो आणणंच थांबवतं. लाल टिंब नाही, 'तुम्हाला आमची आठवण येत नाही का' नाही. तुमच्या हातातला फोन याच्या बरोबर उलट शिकलाय.

आता आक्षेप. पहिला: यूझनेट मेलंय. बरंच खरं आहे. जाहिरातींच्या कचऱ्याने आणि शिवीगाळीने अनेक गट बुडाले, मराठी गटातही आज कुणी भेटेल अशी आशा धरू नका. मालक नसलेल्या ठिकाणी झाडायलाही कुणी नसतं, ही किंमत मोठी आहे आणि मी ती लपवणार नाही. पण मग जुनं सगळं कुठे राहिलं, ते पाहा. १९९५ पासून डेजा न्यूज नावाची कंपनी हे संदेश साठवत होती. २००१ साली गूगलने तो साठा घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूझनेटचा नवा मजकूर घेणं बंद केलं. जुना अजून दिसतो. किती दिवस? ते त्यांनी ठरवायचं.

आणि गूगलकडेही ऐंशीच्या दशकातला मजकूर आला कुठून? टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचा एक माणूस १९८१ पासून दहा वर्षं तो टेपवर उतरवून ठेवत होता. १४१ टेप, वीस लाखांहून जास्त संदेश. कंपनीने नव्हे, एका माणसाने घरची भांडी जपावीत तसे जपलेले. प्रत त्याच्याकडे होती, म्हणून जगाकडे राहिली.

दुसरा आक्षेप: हे सगळ्यांना कसं जमणार? सगळ्यांनी कशाला करायला हवं? गावात विहीर सगळे खणत नाहीत. दहा घरांत एकाला जमलं तरी पुरे. पण दहा घरांत एकालाही जमत नाही आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही, ही स्थिती मला मान्य नाही. आपण इंजिनिअर पोरांची पिढी आहोत ना? रील कापता येतं, मग एक सेटिंगची फाइल भरता येत नाही?

तुम्ही यूझनेटवरच या, असा माझा हट्ट नाही. ग्रुपमधला मजकूर महिन्यातून एकदा फाइलमध्ये उतरवलात तरी सुरुवात झाली. फक्त 'क्लाउडवर आहे' हे वाक्य 'माझ्याकडे आहे' या अर्थाने वापरणं सोडा.

लीफनोडची दुसरी आवृत्ती अजून चाचणीतलीच आहे, पण तिच्यात आपला स्थानिक गट काढता येतो. सध्या तेच करतोय. मित्राला गाण्यांतल्या जेवढ्या ओळी आठवतात तेवढ्या त्याला त्यात लिहायला बसवणार आहे. आतापर्यंत त्याला चार गाणी आठवलीत. होती तीसेक.