ग्रामसभेची मजुरी

अथेन्समध्ये पेरिक्लीसने न्यायमंडळावर बसणाऱ्या नागरिकास दैनिक भत्ता सुरू केला, इ. स. पू. ४०३ नंतर नागरिकसभेच्या हजेरीचेही पैसे मिळू लागले. भत्त्याने लोक आळशी व लोभी झाले, हा आक्षेप प्लेटोने नोंदवून ठेवला आहे. (स्त्रिया व गुलाम मात्र या लोकशाहीबाहेरच होते.)

आमच्या अंबड-घनसावंगीच्या शेतमजुराला ग्रामसभेस जायचे तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो. साहजिकच अनेकदा गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे गावची मातब्बर मंडळी हवे ते ठराव संमत करून घेतात. आमदारांस वेतन आहे, निवृत्तिवेतनही आहे! १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने ग्रामसभेच्या दिवसाची मजुरी हमीच्या दराने द्यावी, ही मागणी जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आता लावून धरली पाहिजे.