डासाची शीव



कपाशीची वेचणी तोंडावर आली की घरटी एक माणूस तापाने आडवा होतो. बोंडे फुटून लोंबतात, वेचायला हात नसतात, आणि उसनवारीचा पैसा सलाईनच्या बाटलीत जातो. मग पारावर निदान होते, 'डास शहराच्या गटारातून आले.' आम्हीही असेच म्हणत आलो. पण हिशेब मांडला तर तो वेगळाच निघतो.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. तो जन्मल्या जागेपासून सहसा शंभर ते चारशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तो आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या घरचा. खेड्यात हिवताप पसरवणारा डास ओढ्यातल्या डबक्यात, पाटात, विहिरीत वाढतो. त्याची धाव बहुधा एक-दोन किलोमीटर. त्याची शीव तीच आपल्या गावाची शीव.

कोरडवाहू मुलखात पाणीच नाही, तर डास कुठले, असेही आपण म्हणतो. पण पाणी नाही म्हणूनच आपण ते साठवतो. रांजण, हौद, बांधावरचा फवारणीचा ड्रम, हीच एडिसची शेती. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून भांडे नुसते पालथे करून भागत नाही, आतून घासावे लागते.

हिवतापाचे जंतू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांत बहुतेक डास तेवढे जगतच नाहीत. पावसाळ्यातल्या दमट हवेत जगतात. निंदणी-फवारणीच्या दिवसांत ताप वाढतो तो यामुळे.

आफ्रिकेतला माली देश आपल्यासारखाच कापूस, ज्वारी, बाजरी पिकवतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी पावसाळा संपताना खूण करून सोडलेली एक मादी सात महिन्यांनी, कोरडा हंगाम काढून, जिवंत सापडली. हे 2010 साली प्रसिद्ध झाले. पुढे फुग्यांना जाळ्या बांधून त्यांनी 40 ते 290 मीटर उंचीवर हिवतापाचे डास पकडले. वाऱ्यावर एका रात्रीत ते तीनशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकतील, असा अंदाज 2019 साली मांडला गेला.

मग आपण हातपाय गाळायचे का? मुळीच नाही. वाऱ्याने आलेल्या डासालाही अंडी घालायला पाणीच लागते. ते त्याला आपल्या दारात मिळू नये, एवढे आपल्या हातात आहे.

अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून सगळ्या गावाने आठवड्यातून एकच वार ठरवावा. त्या दिवशी रांजण, हौद, ड्रम रिकामे करून घासावेत आणि कोरडे ठेवावेत. रिकामे करता येत नाही ते झाकावे. विहिरीत, शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. ताप आला की आधी रक्त तपासून घ्यावे. कपाशीवरचे औषध घरात कधीही मारू नये. त्याने डासाआधी लेकरे आजारी पडतील.

एकट्याने घासून उपयोग नाही, शेजाऱ्याचा डास आपल्या घरी येतोच. धुऱ्यावरून भांडणारे आपण, या एका कामात तरी धुरा विसरूया.