मुकें यंत्र आणि त्याचा दुभाषी

सोलापूरच्या एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसींत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. तेथील कचेरीच्या संगणकावर पुतण्यानें विंडोज नव्यानें चढविली आणि त्या घटकेपासून इंटरनेट नाहींसें झालें. परराज्यांत ५०,००० रुपयांवरील माल धाडावयाचा तर ई-वे बिल लागतें. गाडी भरून फाटकाशीं उभी, आणि बिल करावयास मनुष्य दुसऱ्याच्या दारीं. दुरुस्तीस आलेला इसम नवें नेटवर्क कार्ड घ्या म्हणतो. घरांत सर्वजण पुतण्याच्या नांवानें बोटें मोडीत आहेत.

आमच्या मतें कार्ड बहुधा शाबूत आहे, व पुतण्याचा अपराधही मोठा नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ला सुरक्षेच्या सुधारणा पुरविणें सर्वसाधारणपणें थांबविलें; तेव्हां जुनी काढून नवी घालण्याची बुद्धि त्यास झाली, तर ती योग्यच होय.

सोलापूरकरांस यांतलें मर्म सांगणें सोपें आहे. तेथें मागावर काम करणाऱ्या कितीएक घरांची बोली तेलुगू, आणि कचेरींतला हिशेब मराठींत. मालकास तेलुगू येत नसेल, कारागिरास मराठी येत नसेल, आणि मधला दुभाषी रजेवर गेला, तर काम अडतें. पण म्हणून कारागीर आजारी आहे असें कोणी म्हणत नाहीं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांमधला असाच दुभाषी. विंडोजबरोबर पुष्कळ दुभाषी येतात, म्हणून पडदा, कळफलक, माऊस हीं चालूं राहतात. एखाद्या कार्डाचा मात्र तींत नसतो, आणि जुना होता तो डिस्क पुसतांना गेला. आतां तो मिळणार इंटरनेटवर, आणि इंटरनेटास तर तोच हवा! किल्ली कपाटांत राहून कपाट लागावें, तशांतली ही गत.

यावर पहिला उपाय खिशांतलाच आहे. अँड्रॉइड फोन तारेनें संगणकास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावें. या जोडणीचा दुभाषी विंडोजपाशीं बहुधा आधींच असतो. मग विंडोज अपडेट चालवावें व त्यांतील ऐच्छिक सुधारणांचें सदरही उघडून पाहावें. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. (फोन वडील मंडळींचा असल्यास आधीं विचारावें, डेटा संपल्यावर होणारें भांडण निराळें असतें.)

न भागल्यास कार्डाची ओळख पटवावी. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें पिवळें उद्गारचिन्ह असलेली ओळ उघडून ‘डिटेल्स’खालीं ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. त्यांत ‘व्हेन’पुढील चार अक्षरें बनविणाराचीं व ‘डेव्ह’पुढील चार नमुन्याचीं. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. या दुसऱ्या कंपनीनें १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आंकडा कुलनामासारखा लावून घेतला आहे. एकाच नांवाच्या लॅपटॉपांत निरनिराळीं कार्डें निघतात, म्हणून खोक्यावरील नांवापेक्षां या आंकड्यांवर भिस्त ठेवावी. नंतर दुसऱ्या संगणकावरून, यंत्र किंवा मदरबोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हनें आणावा.

‘सर्व ड्रायव्हर एका दमांत, फुकट’ अशा जाहिरातींच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. ड्रायव्हर यंत्राच्या अगदीं माजघरांत वावरतो. तेथें अनोळखी इसमास घेणें धोक्याचें. पुढच्या खेपेस डिस्क पुसण्यापूर्वी विंडोजमधील ‘पीएनपीयूटिल’ या आज्ञेनें बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवतां येतात. कांहीं मिनिटांचें काम आहे.

राहिला नव्या कार्डाचा प्रश्न. उबंटू ही फुकट मिळणारी प्रणाली पेनड्राइव्हवर तयार करून, डिस्कला हात न लावतां, त्यावरून संगणक सुरू करावा. तींत इंटरनेट चाललें तर कार्ड धडधाकट आहे, आणि दुरुस्तीवाल्यास तें समक्ष दाखवितां येईल. तेथेंही चालेना आणि डिव्हाइस मॅनेजरच्या यादींतही कार्डाचा मागमूस नसेल, तर बायॉसमध्यें तें बंद केलेलें नाहीं ना, एवढें पाहावें, आणि मग खुशाल नवें घ्यावें.