प्रकाशवर्षांवरची सोयरीक

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहा, अशी संपादकांची आज्ञा असते. वर्षभर या सदरात मी ज्या कुरबुरी करते, त्या निदान फराळाच्या ताटात नकोत, असा त्यांचा भाव. तेव्हा यंदा प्रेमाविषयी लिहायचे ठरवले आहे. प्रेमही साधेसुधे नव्हे, अंतराळातले.

आमच्या घराला विज्ञानकथांच्या मालिका पाहण्याची खोड आहे. पूर्वी दूरदर्शन दाखवील तेच आणि दाखवील तेव्हाच पाहावे लागे. आता साठ वर्षांपूर्वीची मालिकासुद्धा घरबसल्या पाहता येते. या पाहण्यात आमची कामाची वाटणी ठरलेली आहे. आमचे यजमान इंजिनियर. यान, इंधन, स्फोट हे खाते त्यांचे. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू आलाच कसा, असे विचारून ते प्रत्येक लढाईचा विचका करतात. मी मराठीची प्राध्यापिका. माझ्याकडे यानातली माणसे, आणि त्यातही त्यांची प्रेमप्रकरणे. गंमत अशी, की तो आवाज मला कधी सलत नाही. प्रकाशाहून वेगाने धावणारे यान मी मुकाट्याने गिळते. पण त्याच यानाचा कप्तान एखाद्या परग्रहावरच्या बाईच्या डोळ्यांत तिसऱ्या मिनिटाला बुडाला, की माझा घास घशात अडकतो.

“यान पटतं आणि प्रेम पटत नाही, हे अजबच,” असे यजमानांचे म्हणणे.

अजब कसले? यान मी कधी चालवलेले नाही. लेखक सांगेल ते मला मान्य करावे लागते. प्रेमाच्या बाबतीत मात्र प्रत्येक घरात एकदोन तरी जाणकार असतात.

उदाहरणच द्यायचे तर ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा १९६९ सालच्या फेब्रुवारीतला एक भाग घ्या. यानावर भयंकर तापाची साथ आलेली आहे. औषधाचे द्रव्य मिळवायला कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय एका निर्जन ग्रहावर उतरतात. हाताशी वेळ काय तो थोड्या तासांचा. त्या ग्रहावर एक गृहस्थ आणि त्याने वाढवलेली रेना नावाची मुलगी राहते. औषध तयार होईपर्यंत आमचे कप्तानसाहेब या मुलीबरोबर बिलियर्ड खेळतात, नाच करतात आणि आकंठ प्रेमात पडतात! वर चारशेवर माणसे तापाने फणफणली आहेत. आता सांगा, ज्याच्या घरी तापाचा रोगी आहे असा माणूस औषधाच्या दुकानात उभा राहून दुकानदाराच्या मुलीशी बिलियर्ड खेळेल काय? पुढे ती मुलगी यंत्रमानव निघते, दोन पुरुषांच्या ओढाताणीत कोसळते, आणि कप्तान इतका शोक करतो की शेवटी स्पॉक त्याच्या मस्तकाला हात लावून त्याला ते सारे विसरायला लावतो. लेखकाची अडचण मला समजते. त्या काळी मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र असे. पुढच्या आठवड्यात कप्तान पुन्हा सडाफटिंग हवा. म्हणून नायिकेला मारायचे, किंवा मागे सोडायचे, किंवा विसरायचे. पण जे प्रेम लेखकालाच पुढल्या आठवड्यापर्यंत न्यायचे नाही, ते मी जन्मभर का वागवावे?

यावर कोणी म्हणेल, बाईंना प्रेम जमायला वेळ हवा आहे. पन्नास मिनिटांत कोणाचे जमणार? तर तसेही नाही. याच मालिकेत, याच कप्तानाचे, पन्नासच मिनिटांत जमलेले एक प्रेम मला पुरते पटलेले आहे. तो भाग ६ एप्रिल १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला. भ्रमिष्ट अवस्थेत काळाच्या दारातून भूतकाळात गेलेल्या डॉक्टर मॅकॉयच्या मागावर कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातात. मंदीचे दिवस, बेकारांच्या रांगा. इडिथ कीलर नावाची बाई भुकेल्यांना सूप वाढण्याचे ठिकाण चालवते आणि वाढतावाढता त्यांना उद्याच्या जगाविषयी सांगते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉकला कळते ते असे : ही बाई रस्त्यावरच्या अपघातात मरायची होती. ती वाचली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. शेवटी ट्रक येतो, डॉक्टर तिला वाचवायला धावतो, आणि कर्क त्या डॉक्टरला मिठीत आवळून धरतो. हलू देत नाही. बस्, एवढेच.

दोन्ही भागांतला माणूस तोच, नट तोच, घड्याळाचे काटेही तेवढेच फिरलेले. मग एक का पटते? माझी कसोटी अगदी घरगुती आहे. त्या प्रेमातून विज्ञान काढून घ्यावे आणि मागे काय उरते ते पाहावे. रेनाच्या गोष्टीतून यान काढा. कुठल्याही डाकबंगल्यातले फुटकळ प्रकरण उरते. इडिथच्या गोष्टीतून काळप्रवास काढला, तर गोष्टच उरत नाही. तिथे विज्ञान मागे टांगलेल्या पडद्यासारखे नाही. ते दोघांच्या मध्ये येऊन बसलेले आहे, आणि किंमत मागते आहे.

आपल्याकडचे पुराणिकबुवा या बाबतीत फार चोख होते. विष्णुपुराणातली रेवती आठवा. ककुद्मी राजा मुलीला चांगले स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे घेऊन गेला. तिथे गाणे चालू होते, म्हणून बापलेक थोडा वेळ थांबले. तेवढ्यात पृथ्वीवर युगांमागून युगे उलटली. राजाने मनात योजलेली सगळी स्थळे, त्यांची मुलेनातवंडेसुद्धा काळाच्या पोटात गेली. आइन्स्टाइनच्या आधी इतकी शतके! पण मला कौतुक वाटते ते पुढल्या तपशिलाचे. तेवढ्या काळात माणसे खुजी झाली होती, म्हणून बलरामाला वधू फारच उंच पडली. त्याने नांगराच्या टोकाने तिला बेताची करून घेतली. काळ बदलला तर उंचीही जुळणार नाही, हे त्या कथाकाराच्या ध्यानात राहिले. (त्या नांगराविषयी रेवतीचे काय मत होते, हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.)

याच्या उलट ‘व्हॉयेजर’ मालिका. हिच्यात ‘सेव्हन ऑफ नाइन’ नावाची एक स्त्री १९९७ साली आली. लहानपणीच बॉर्ग नावाच्या यांत्रिक टोळीने तिला उचलून आपल्यात मिसळून टाकले होते. तिला नावसुद्धा नाही, आहे तो क्रमांक. पुन्हा माणूस होणे तिला किती कठीण गेले, हे लेखकांनी चार वर्षे मन लावून दाखवले. आणि २००१ साली मालिका संपता संपता, अगदी शेवटच्या भागात, तिची चाकोटे या अधिकाऱ्याशी जोडी लावून दिली! शेवटची दहा मिनिटे उरली की आमचे विद्यार्थी पुरवणी मागून घेतात आणि त्यात सुचेल ते लिहितात. ती पुरवणी मला आठवली. बेलाना टोरेस आणि टॉम पॅरिस ही त्याच यानावरची दुसरी जोडी. ती भांडते, तो थट्टा करतो, संशय, रुसवे, सगळे यथासांग होऊन २००० साली लग्न होते. एका भागात ती त्याला विसाव्या शतकातल्या टीव्हीच्या पेटीची नक्कल करून भेट देते, आणि हे महाशय तिच्यासमोर ठाण मांडतात. पृथ्वीपासून हजारो प्रकाशवर्षे दूर, आणि नवरा टीव्हीपुढे. हे न पटायला काय झाले?

पण या सगळ्यांत मला विचारात पाडले ते ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतल्या रिव्हर साँगने. किंवा खरे सांगायचे तर आमच्या काकूंनी.

काकू म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. वय ऐंशीच्या घरात. काका मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते; वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. त्या दिवशी आम्ही २००८ सालचे दोन भाग पाहत होतो. डॉक्टर आणि रिव्हर दोघेही काळात फिरणारे, पण त्यांच्या भेटी साधारण उलट्या क्रमाने होतात. त्याची तिच्याशी पहिली भेट होते, तीच तिची शेवटची. ती त्याच्या तोंडाकडे पाहते आणि तिला उमगते, की हा आपल्याला ओळखतच नाही. तिच्याजवळ एक निळी डायरी आहे. भेटले की कुठली कुठली भेट झाली आहे ते आधी ताडून पाहायचे.

यजमान म्हणाले, “हे मात्र फारच झालं. असं कुठे असतं?”

काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “असतं रे. आम्ही पत्रांवर नंबर घालायचो.”

आम्ही टीव्ही बंद केला. काकू सांगू लागल्या. बोट बंदराला लागेल तेव्हा काकांची पत्रे पडायची; कुठले टपाल कुठल्या वाटेने येईल याचा नेम नसे. चौदा नंबरचे पत्र बाराच्या आधी हातात पडे. “एकदा नऊ नंबरचं आलं. ‘ताप उतरला, काळजी नसावी.’ मला ताप आलेलाच ठाऊक नाही! आठ नंबरचं मागाहून आलं, तीन आठवड्यांनी. त्यात सगळं लिहिलेलं, किती चढला, शुद्ध कशी नव्हती. उतरलेल्या तापासाठी मी रडले. सासूबाई म्हणाल्या, वेडी का तू? बरा आहे ना तो?”

“आणि काका घरी आले की?” मी विचारले.

“पहिले चार दिवस परक्यासारखेच. ते जुन्या गोष्टीवर हसायचे, ती माझ्या लेखी होऊन गेलेली. मी नवीन सांगायची, तर त्यांना माणसंच ठाऊक नाहीत. मग बसून जुळवायचं. जुळलं जुळलं म्हणेपर्यंत बोटीची तार.”

मग आम्ही उरलेला भाग पाहिला. रिव्हर मरते. मरण्याआधी ती त्याला शेवटच्या रात्रीविषयी सांगते, जी तिची होऊन गेली आहे आणि त्याची यायची आहे. ती रात्र मालिकेत २०१५ च्या नाताळात दाखवली गेली. ज्या ग्रहावर ती घडते तिथली एक रात्र चोवीस वर्षांची असते. काकूंनी तोही भाग त्याच आठवड्यात पाहिला. चोवीस वर्षे त्यांना बरी वाटली.

तेव्हापासून काकू आमच्यात रीतसर सामील झाल्या आहेत. ‘बॅबिलॉन ५’ त्यांना विशेष आवडली. तिच्यातली डेलेन ही मिनबारी जमातीची, शेरिडन माणूस. दोन्ही जमातींत मोठे युद्ध होऊन गेलेले. मिनबारींच्यात लग्नाआधी म्हणे बाई तीन रात्री जागून झोपलेल्या पुरुषाकडे पाहत बसते. झोपेत माणसाचा खरा चेहरा दिसतो म्हणून. कांदेपोह्यांपेक्षा ही पद्धत पुष्कळ शहाणपणाची, असे काकूंचे मत पडले. पुढे शेरिडन मरणाच्या दारातून परत येतो, पण फक्त वीस वर्षांच्या बोलीवर, आणि ते ठाऊक असूनही दोघे संसार मांडतात. १९९८ सालच्या अखेरच्या भागात ती वीस वर्षे संपतात. तो एकटा यान घेऊन निघून जातो. त्यानंतर ती जिवंत असेपर्यंत रोज पहाटे उठून सूर्य उगवताना पाहत बसते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, “वीस म्हणजे वीस. आधी सांगून मिळाली.”

यजमानांना डोळे पुसलेले दिसू द्यायचे नव्हते. ते म्हणाले, “त्या ग्रहावर तो सूर्य नव्हे हं. त्यांचा तारा म्हणायला हवं.”

“उगवतो ना?” काकूंनी विचारले, आणि त्या चहाचे पाहायला आत गेल्या.