श्रेय वाटल्याने कमी होत नाही

'मिशनच्या शाळा म्हणजे निव्वळ धर्मांतराचे अड्डे' हे गेल्या रविवारचे वाचकपत्र वाचले. त्यातला एकांगी सूर पटला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

धर्मप्रसार हा या शाळांचा उघड हेतू होता आणि बायबलचा पाठ तिथे रोज होत असे, हे मान्यच. पण इतिहास तेवढ्यावर संपत नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. याच मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार 1827 च्या अखेरीस मुंबईत आल्या, 1839 मध्ये नगरला गेल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. मुलगी शिकली तर घर बुडेल असे मानणाऱ्या त्या काळात नगरमधल्या त्यांच्या लहानशा शाळेत मुली वाचन, लेखन, हिशेब आणि शिवणकाम शिकत होत्या. मित्र गोवंडे यांच्यामुळे जोतिराव फुल्यांनी ही शाळा पाहिली. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तिथे शिकवले सावित्रीबाईंनी, धर्मांतराची अट न घालता.

हा वारसा नाकारल्याने फुले दांपत्याचे मोठेपण वाढत नाही आणि मान्य केल्याने ते घटतही नाही. चांगले दिसेल ते घेऊन आपल्या मातीत रुजवणे हेच तर त्यांचे कर्तृत्व.

जुन्या चर्चशाळांची हजेरीपुस्तके आणि अहवाल आज कसर खात आहे. त्या शाळांविषयी निकाल देण्याआधी ती कागदपत्रे वाचवावीत आणि वाचावीत, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर