पहिल्या आठवड्यानंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणरायाला निरोप देऊन उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत होती, आणि त्यांतील हजारो माणसे पुन्हा उठलीच नाहीत. मृतांच्या संख्येविषयी निरनिराळे आकडे दिले जातात. ते आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत. लातूर व त्या वेळी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली. दरवर्षी ही तारीख आली म्हणजे त्या भागात मृतांचे स्मरण केले जाते. शहरात राहणाऱ्या आपणा वाचकांनीही या दिवशी एका प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते. तो प्रश्न मृत्यूचा नसून दयेचा आहे.

दख्खनचे पठार म्हणजे स्थिर खडक, येथे भूकंपाचे भय नाही, अशी तोवर समजूत होती. भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा म्हणूनच दाखविलेला होता. माणसांचा जीव घेतला तो धरणीपेक्षा घरांनी. दगडाच्या जाड भिंती, त्या जोडण्यास केवळ माती, आतील व बाहेरील थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचा प्रचंड भार, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि घराण्याची प्रतिष्ठा सांगणारे हे बांधकाम त्या पहाटे काही क्षणांत ढासळले. ज्या घराच्या भिंती जाड, ते घर बळकट, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब खोटा ठरला.

अशा प्रसंगी प्रथम कोण धावते? सरकार नव्हे, लष्कर नव्हे आणि शहरातील संस्थाही नव्हेत. प्रथम धावतो तो शेजारी, कारण तो तेथेच असतो. स्वतःच्या घरातील माणसे गमावलेल्यांनी दुसऱ्याच्या घरातील दगड हातांनी उपसले. त्यानंतर आसपासच्या गावांतील व लातूर शहरातील तरुण आले, डॉक्टर आले, जवान आले, आणि मग अवघ्या महाराष्ट्रातून धान्य, औषधे, कपडे व पैसे यांचा ओघ सुरू झाला. माणसाच्या अंतःकरणात करुणेचा झरा आहे की नाही, याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी तो आठवडा आठवावा.

परंतु त्या आठवड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मदतीच्या गाड्यांबरोबर बघ्यांच्याही गाड्या आल्या आणि त्यांनी रस्ते अडविले. घरातील अडगळ काढावी तसे जुने कपडे पाठविले गेले, आणि कोणी हात न लावल्याने त्यांचे ढीग पावसात भिजत पडले. जे आपण आपल्या दारी आलेल्या पाहुण्याला देणार नाही, ते संकटात सापडलेल्या गृहस्थास देण्यात औदार्य कोणते? कृष्णा व पंचगंगा यांच्या काठी २०१९ साली महापूर आला तेव्हाही रस्त्यालगतच्या गावांत मदतीची दाटी आणि आडबाजूच्या वस्त्यांत शुकशुकाट, अशी तक्रार ऐकू आलीच. घेणाऱ्याची गरज न विचारता केलेले दान हे पुष्कळदा देणाऱ्याच्या समाधानासाठीच केलेले असते, असे म्हणणे कटू असले तरी भाग आहे.

पहिल्या आठवड्याची दया सहज असते. दृश्यच असे असते की पाषाणालाही पाझर फुटावा. दयेची खरी कसोटी लागते ती त्यानंतर. वृत्तपत्रांतील छायाचित्रे संपतात, आमच्यासारख्यांचे लक्ष दुसऱ्या वार्तेकडे वळते, आणि पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात बसलेल्या माणसापुढे दुसरा पावसाळा उभा असतो. त्या वेळी जो त्याच्यापाशी असेल तोच त्याचा सोयरा.

किल्लारीच्या आपत्तीनंतर असे सोयरे मिळाले हे महाराष्ट्राचे भाग्य म्हटले पाहिजे. भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुले पुण्यास आणली गेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी एखाद्या महिन्यापुरती नव्हे, तर वर्षानुवर्षे वाहिली गेली. एक मूल दहा वर्षे शिकविणे हे एक हजार चादरी वाटण्याहून अवघड काम आहे. तेथे हार घालणारे कोणी नसते. रोजचे जेवण, रोजचा अभ्यास, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाची रोजची समजूत, एवढेच असते.

दुसरे उदाहरण आम्हांस त्याहूनही महत्त्वाचे वाटते. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण व्हावयाचे होते. हे काम ठेकेदाराच्या हाती न देता घरमालकाच्या हाती दिले गेले. कामाच्या टप्प्यांनुसार त्याला पैशाचे हप्ते मिळाले, अभियंत्यांनी देखरेख केली, आणि गावोगाव स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. ज्या स्त्रियांना गावच्या चावडीवर बोलण्याचीही सवय नव्हती, त्यांनी हप्त्यांचे हिशेब समजावून घेतले, भिंतीत आरपार दगड कोठे बसवावा हे शिकून घेतले आणि शेजारणींना शिकविले. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची भूमी हादरली, तेव्हा मराठवाड्यातील याच स्त्रियांपैकी काही गुजरातेत गेल्या व तेथील भगिनींना आपला अनुभव सांगू लागल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी देशभर हात पुढे झाले होते, त्याच आता हात पुढे करीत होत्या. घेणारा देणारा झाला म्हणजेच मदत पूर्ण झाली, असे आम्ही समजतो.

याउलट जेथे विचारपूस कमी पडली तेथे चांगल्या हेतूलाही बट्टा लागला. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. रस्ते सरळ व रुंद झाले. जमीनधारणेच्या प्रमाणात २५०, ४०० वा ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. निवारा मिळाला हे खरे. परंतु जुन्या गावातील गल्ली, शेजार, ओसरीवरची बैठक आणि गुरांची जागा त्या आखीव चौकटीत मावली नाही. गाव म्हणजे शहरातील वसाहतीचे लहान रूप, अशा समजुतीने आरेखन झाले की असे व्हावयाचेच. खेडुताने आपले घर कसे असावे हे सांगितले असते. ते पुरेसे ऐकून घेतले गेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य. नागरिकांच्या माथी ते का मारता? आक्षेप रास्त आहे. लोक सोशिक आहेत, परस्परांना सांभाळून घेतात, एवढ्यावर विसंबून राज्यकर्त्यांनी आपली जबाबदारी झटकावी हे आम्हांस मुळीच मान्य नाही. जनतेच्या धैर्याचे गोडवे गाऊन धरणांची, नाल्यांची व डोंगरउतारांची हेळसांड झाकता येत नाही. तथापि शासन घर देऊ शकते, शेजार देऊ शकत नाही. अनुदान त्याच्या तिजोरीतून निघते. अनाथ मुलाच्या वहीवरून डोळे फिरविणारे माणूस तेथून निघत नाही. दोन्ही कामे हवीत, आणि एक दुसऱ्याची सबब होता कामा नये.

पुणेकरांना तर हे सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तो प्रलय निसर्गाचा की माणसाच्या घाईचा, हा वाद वेगळा. आदली रात्र जागून जवानांनी वाळूची पोती रचली, म्हणून पाणी रात्री न येता दिवसा आले आणि असंख्य जीव वाचले. त्यानंतर हजारो कुटुंबे ओळखीच्या-अनोळखीच्या घरांत, शाळांत आणि तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. गोखलेनगर व लोकमान्यनगर या वस्त्या त्या पुराच्या स्मरणखुणाच आहेत. हे शहर एकदा घेणाऱ्याच्या रांगेत उभे राहिले आहे. त्या रांगेत उभे राहताना मान किती खाली जाते हे त्याने विसरू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपत्ती आली की पहिल्या दिवशी जे द्यावयाचे ते अवश्य द्यावे, पण हाती असलेल्या रकमेचा निम्मा भाग सहा महिन्यांनंतरसाठी राखून ठेवावा. शहरातील प्रत्येक शाळेने, गणेशमंडळाने, गृहनिर्माण संस्थेने दहा गावांना थोडेथोडे वाटण्यापेक्षा एकच गाव निवडावे आणि तीन वर्षे त्याचा हात सोडू नये. काय हवे हे गावाला, विशेषतः तेथील स्त्रियांना, आधी विचारावे. दिलेल्या पैशाचा हिशेब चव्हाट्यावर मांडावा. आणि ज्याला मदत केली त्याचे छायाचित्र छापण्याचा मोह आवरावा. हा शेवटचा उपदेश आम्ही स्वतःलाही करीत आहोत.

पुढील आपत्ती कोठे येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणार एवढे मात्र निश्चित. त्या दिवशी आपण धावून जाऊ, याविषयी आम्हांस शंका नाही. पुढच्या वर्षी त्याच दारात आपण पुन्हा उभे असू काय, याचे उत्तर प्रत्येकाने आजच मनाशी ठरवावे.